कासेट नंबर एकतीस

जेल रोडवर घड्याळवाल्याच्या बाजूनं जिना,
वर मुळ्यांचा दिलीप. मराठीच, पण आम्ही दिलूभिया म्हणायचो,
कारण इंदूर.
चार टीव्ही, सहा जॉयस्टिक,
त्यातल्या दोघींना डावी बाजू माहीत नव्हती.
अर्ध्या तासाचे दोन रुपये. घरी न्यायची तर दिवसाला पाच,
डिपॉझिट म्हणून वडिलांचं नाव.

माझ्याकडे पैसे नसत. अक्षर बरं होतं.
म्हणून ठरलं : कासेट फुकट न्यायची,
आणि परत देताना किराण्याच्या लांबट वहीत
शेरा लिहायचा.

कासेट चार. विमान.
विमान वर, शत्रू खाली. दोघंही आपापल्या वाटेनं जातात.
गोळी आहे, पण ती बाजूला जाते.
शेरा : शेजारधर्म शिकण्यास उपयुक्त.

कासेट अकरा. खोक्यावर वाघाशी झुंजणारा पैलवान,
आत एक चौकोन आणि दुसरा चौकोन.
"ह्यातला वाघ कुठला?"
"जो तुला मारून राहिला, तो वाघ."
(हे वाक्य पुढे नोकरीत फार कामी आलं.)

कासेट सतरावर लिहिलं होतं
नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ.
उन्हाळ्याची सुट्टी होती, मी मोजले.
सात.
बाकी तेच, शर्ट बदलून आलेले.

आणि एकतीस.
सुरुवातीलाच खड्डा.
बटण दाबलं की आतला माणूस लगेच उडी मारत नाही,
आधी तुमचा अर्ज घेतो,
वाचतो,
आणि खड्ड्यात पडल्यावर मंजूर करतो.
तळाशी पोचून उडी मारतो बिचारा, नियमाप्रमाणे.
वर संगीत : टुंई टुंई टिडी, टुंई टुंई टिडी.
आई तीन दिवस त्याच ठेक्यात कणीक तिंबत होती.
शेरा : फार वाईट. बनवणाऱ्यानं हा स्वतः खेळलेला नाही.

दिलूभियानं वाचलं. चष्मा काढला.
"असं लिहिशील तर नेणार कोण रे?"
"मग खोटं लिहू?"
"खोटं नको. मुलगी दाखवताना लिहितात, तसं लिही."
मी खोडलं. खाली लिहिलं :
खड्डा प्रशस्त आहे.
अजून कोणी पलीकडे गेलेलं नाही.

झालं.
रामबाग आली, लोकमान्य नगर आलं,
नारायण बागेतून दोन इंजिनिअरिंगवाले आले वही-पेन घेऊन.
जिन्यावर रांग. खाली घड्याळवाला
चपला सांभाळायचे चार आणे घेऊ लागला.
सगळे पडले. ओळीनं, आनंदानं.
इतक्या वाईट खेळाला इतकी गर्दी
मी नंतर फक्त निवडणुकीत पाहिली.

एका मंगळवारी पुणतांबेकरांची शरयू बसली,
आणि तिला शिंक आली.
जॉयस्टिक हातातून सुटून फरशीवर आपटली.
माणूस उडाला. अर्जाशिवाय.
पलीकडे उतरला.

पलीकडे काही काढलंच नव्हतं.
निळा रंग, आणि तो उभा.
संगीतसुद्धा गप्प.
शरयू थोडा वेळ पाहत राहिली,
"बरं आहे इथे," म्हणाली,
आणि शेरा लिहायला वही मागितली.
दिलूभिया वहीवर बसला. उठेचना.
"बेटा, धंदा आहे," म्हणाला. "तू जा. शिकंजी पी माझ्याकडून."

आता तो तिथंच मोबाइलची कव्हरं विकतो.
परवा सहज विचारलं, एकतीस कुठंय?
"नेली कोणीतरी, आणलीच नाही. अठ्ठावीस वर्षं झाली."
कॅल्क्युलेटर काढला. दिवसाला पाच.
एक्कावन्न हजार शंभर.
"लीप वर्षं सोडली," म्हणाला, "ओळखीतलाच असणार."
आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी एक कव्हर घेतलं, घासाघीस न करता.
घरी कपाटात, स्वेटरांच्या खाली, ती आहे.
लावायला मशीन नाही.
कधी कधी काढतो, फुंकर मारतो,
ठेवून देतो.